बांध नसलेलं शेत आणि त्या शेताचं कोर्ट

इंग्लंडमधलं खेडेगाव म्हटलं की आपल्याकडे एकच फोटो डोळ्यापुढे येतो. दगडी घर, दारावर गुलाबाची वेल, समोर हिरवळ आणि त्या हिरवळीवर पांढरे कपडे घालून क्रिकेट खेळणारे म्हातारे. असली गावं तिथे आहेत, भरपूर आहेत, आणि शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. माझा भाचा नॉटिंगहॅमला नोकरीला आहे, त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने असल्याच गावांची यादी काढून ठेवलेली. मी म्हटलं, ते राहू दे, मला लॅक्स्टन दाखव. "मामा, तिथे काय आहे?" म्हटलं शेत आहे. "शेत बघायला तुम्ही राजापुरातून इथे आलात?" असं म्हणून हसला, पण नेलं मात्र.

लॅक्स्टन म्हणजे नॉटिंगहॅमशायरमधलं एक छोटं गाव, रॉबिन हूडचं शेरवुडचं जंगल तिथून फार लांब नाही. गावात एक चर्च, एक पब, रस्त्याला लागून लाल विटांची घरं आणि त्यावर चक्क लाल कौलं. आपल्यासारखी मंगलोरी नाहीत, वळणाची असतात, पण पाऊस पडून गेल्यावर लांबून बघितलं तर क्षणभर माणूस फसतो. घरं रस्त्याकडे तोंड करून नाहीत, बरीचशी रस्त्याला कुशी देऊन आडवी उभी आहेत, म्हणजे पाखीचं टोक रस्त्याकडे आणि मागे लांबच लांब परडं. कारण घर म्हणजे शेतकऱ्याचं घर, बाजूला खळं, गोठा, कोठार, सगळं गावातच. इंग्लंडमध्ये इतर ठिकाणी शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून एकटा राहतो, आपल्या कातळावरच्या बागायतदारांसारखा. इथे शेतकरी गावात राहतो आणि शेत गावाबाहेर. का, तर शेत एकट्याचं नाहीच.

म्हणजे असं की गावाच्या भोवती तीन मोठी शेतं आहेत, वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, मिळून पाचशे एकराच्या आतबाहेर. या शेतांना आत कुंपण नाही, बांध नाही, गडगा नाही, मेर नाही. एकसंध उघडा माळ. आणि त्या माळात प्रत्येक शेतकऱ्याच्या लांब लांब पट्ट्या आहेत, एक पट्टी याची, बाजूची त्याची, पुढची तिसऱ्याची, आणि एकाच माणसाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. एका वर्षी एका शेतात सगळ्यांनी हिवाळी गहू पेरायचा, दुसऱ्या शेतात वसंतात पेरायचं पीक, तिसरं मोकळं सोडायचं. पूर्वी ते निव्वळ पडीक ठेवून त्यात गुरं चारायचे, आता गवत नाहीतर चाऱ्याचं काहीतरी घेतात. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. मला वाटलं म्हणून माझ्या पट्टीत मी यंदा दुसरं काही लावतो, हे चालत नाही.

मध्ययुगात इंग्लंडचा मोठा भाग असाच कसला जायचा. मग कुंपणाचं युग आलं, साधारण १७५० ते १८५० या शंभर वर्षांत लंडनच्या पार्लमेंटने हजारोंनी कायदे करून एकेका गावची सामाईक शेतं मोडून, वाटून, कुंपणं घालून टाकली. आपण सिनेमात बघतो ती हिरव्या चौकोनांची इंग्लिश टेकडी, मध्ये मध्ये झुडपांच्या रांगा, ती बरीचशी या कायद्यांनी तयार झालेली आहे. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना जमीन मिळाली, आणि ज्यांचा हक्क म्हणजे फक्त "आमची गाय तिथे चरायची" एवढाच होता ते गिरणीत कामाला गेले. लॅक्स्टनमध्येही पुष्कळशी जमीन कुंपणात गेलीच, पण ही तीन शेतं राहिली. कुंपण घालायचं तर बड्या जमीनदारांचं आपसात जमायला लागतं आणि ते इथे जमलं नाही. पुढे शेतमालाचे भाव पडले तेव्हा कुंपणावर खर्च करायला कोणाला उत्साह नव्हता. असं रेंगाळत रेंगाळत ते विसाव्या शतकात येऊन पोचलं आणि मग लोकांच्या लक्षात आलं की अरे, असं चालू असलेलं आता देशात हे एकच मोठं उदाहरण उरलंय.

आम्ही गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, गहू पेरून झालेला, मातीतून बारीक हिरवं वर यायला लागलेलं. माती लालसर, पण आपल्यासारखी जांभ्याची नाही, चिकण. बुटाला अशी बसते की चार पावलं टाकली की उंची वाढते. भाचा वैतागून रस्त्यावर उभा राहिला, मी आत गेलो, कडेकडेने. बांध नाही मग याची पट्टी कुठे संपते आणि त्याची कुठे सुरू होते हे मला बघायचं होतं. वाकून बघितल्यावर कळलं, पेरणीच्या ओळींची दिशा नाहीतर अंतर जरासं बदलतं, मध्ये एक बारीक सरी, आणि पट्टीच्या टोकाला, जिथे शेत संपून गवताची वाट लागते तिथे, जमिनीत ठोकलेली एक लाकडी खुंटी. बस. एवढ्यावर एवढी शतकं चाललंय. आमच्याकडे मधला जांभ्याचा गडगा वीतभर सरकला म्हणून दोन सख्ख्या चुलत घरांत बोलणं बंद होतं, मयताला जायचं पण लग्नाला नाही.

त्या खुंटीची गोष्ट म्हणजे लॅक्स्टनची खरी गोष्ट. तिथे अजून कोर्ट लीट आहे, जुन्या जहागिरीचं गावकोर्ट. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटाला बारा शेतकऱ्यांची ज्युरी आणि त्यांचा एक म्होरक्या गव्हाच्या शेतात जातात, यंदाच्या गव्हाच्या, म्हणजे तीन वर्षांत तिन्ही शेतं बघून होतात. खुंट्या जागेवर आहेत का बघायचं, नसतील तर नव्या ठोकायच्या. कोणी नांगरताना शेजाऱ्याच्या पट्टीत घुसलाय का, वाटेवर चढलाय का, चर साफ केलाय का, गवताच्या सामाईक तुकड्यांना हात लावलाय का. हे तुकडे म्हणजे शेतातल्या सखल ओलसर जागा, तिथे नांगर फिरवता येत नाही म्हणून गवत राखलेलं, त्याचा उन्हाळ्यात लिलाव होतो. कधीच न नांगरल्यामुळे त्यात रानफुलांच्या इतक्या जाती टिकल्यात की सरकारने ते तुकडे निसर्गाच्या दृष्टीने महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित केलेत. मग ज्युरी पबमध्ये जेवते, आणि साधारण आठवड्याने त्याच पबमध्ये, डव्हकोट इन त्याचं नाव, कोर्ट बसतं. अध्यक्षस्थानी वकील असलेला कारभारी, समोर सगळे शेतकरी, ज्युरीचा अहवाल वाचायचा, ज्याने चूक केली त्याला दंड. रक्कम फार नसते. पण आपलं नाव सगळ्या गावासमोर वाचलं जातं आणि ते वहीत कायमचं लिहिलं जातं, मला वाटतं खरा दंड तोच.

हे टुरिस्टांसाठी नाटक आहे असं मलाही आधी वाटलेलं. तसं नाही. १९७७ साली ब्रिटनने कायदा करून अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, बाकीच्यांना फक्त मिरवायला परवानगी उरली. त्या कायद्यात जी अगदी मोजकी कोर्टं नाव घेऊन वगळली त्यात लॅक्स्टनचं एक. म्हणजे त्या पबमध्ये लागलेला दंड हा खराखुरा कायदेशीर दंड आहे.

गावात एक छोटीशी भिंत घातलेली चौकोनी जागा आहे, भाच्याला वाटलं जुनी विहीर बुजवलीय. मला बघताक्षणी कळलं काय ते. कोंडवाडा! उनाड गुरं धरून आणून कोंडायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची, आणि ते काम करणारा गावचा नेमलेला माणूस असायचा. आपल्याकडे कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांनीच १८७१ ला केला, आमच्या गावात कोंडवाड्याचा चौथरा अजून आहे, त्यावर आता मोबाईलची रेंज पकडायला पोरं बसतात.

तर आता आमच्या गावाकडे येतो. गाव जैतापूरच्या खाडीवर, वर कातळाचा सडा, मधे घरं आणि आंब्या-काजूची कलमं, खाली भाताचे मळे. नीट बघितलं तर आमचीही शेती मुळात याच डोक्याने मांडलेली आहे. एका घराचे कुणगे, म्हणजे भाताचे तुकडे, एका जागी कधीच नसतात. एक पऱ्ह्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, ओलाव्याचा, एक वर उताराला, थोडी वरकस सड्यावर नाचणीसाठी. चांगलं-वाईट सगळ्यांच्या वाट्याला यावं म्हणून. भात कापून झालं की गुरं मोकळी सोडायची, मग मळा कोणाचाही असो, चारा सगळ्यांचा. ज्याला वायंगणं, म्हणजे उन्हाळी भात, करायचंय त्याने आपलं कुंपण आपण घालायचं. मृगाच्या आधी गुरं बांधायची, त्याचा दिवस गावकी ठरवायची आणि सुटलेल्या गुराला दंड असायचा. हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. म्हणजे लॅक्स्टनचं निम्मं आमच्याकडे होतंच की, फक्त आमची खुंटी उपटली गेली आणि ती परत ठोकायला बारा माणसं जमली नाहीत.

आज आमच्या एका मळ्याच्या सातबाऱ्यावर नावं वाचायला पान उलटावं लागतं. आजा गेला, त्याचे मुलगे, मुलींची नावं (लागायलाच हवीत), त्यांची मुलं, निम्मे मुंबईला, कोणी बडोद्याला, एक जण कुठे आहे ते त्याच्या भावालाही ठाऊक नाही. वारस तपास झालेला नाही, हक्कसोड कोणी देत नाही, वाटप करायचं तर सगळ्यांच्या सह्या. कसायचं म्हटलं तर एकाने कसलं की दुसऱ्याच्या मनात येतं, हा उद्या कबजा सांगणार. म्हणून कोणीच कसत नाही. मळ्यात आता रानटी झुडपं माजली आहेत, त्यात डुकरं राहतात, आणि बाजूला जो एकटा बिचारा अजून भात लावतो त्याचं ती डुकरं खातात.

लॅक्स्टन का टिकलं याचं उत्तर मला आवडलेलं नाही, पण सांगायला हवं. टिकलं, कारण शेतकरी मालक नाहीत. संध्याकाळी चुलत्यांना फोन लावून मी सगळं रंगवून सांगत होतो, पट्ट्या, ज्युरी, पब, दंड. ते ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "म्हंजे अजून कुळंच की रे ती!" मी गप्प. बरोबर होतं. जमीन अर्ल मॅनव्हर्स या जहागीरदाराची, पिअरपाँट हे घराणं, शेतकरी त्याची कुळं. १९५२ साली शेवटच्या अर्लने, हे मोडू नये म्हणून, ती सगळी इस्टेट कृषी मंत्रालयाला विकली. १९८१ ला ती राजघराण्याच्या नावाने चालणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली, आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ती विकली तेव्हा घेतली कोणी, तर थोर्सबी इस्टेटने, म्हणजे परत त्याच पिअरपाँटांच्या वारसांनी. पट्टीची वाटणी होत नाही, कारण पट्टी कुळाची नाहीच. मुलगा शेती करणार असेल तर करील, नसेल तर दुसरं कूळ येईल. त्या पट्टीवर अठ्ठावीस नावं चढण्याचा प्रश्नच येत नाही.

आता हे वाचून कोणी म्हणेल बघा, खोती होती, म्हणजे खोत नावाचा वतनदार मधे बसून कुळांकडून वाटा घ्यायचा, तेच बरं होतं. तसं म्हणायला मी वेडा नाही. आमचं घर कुळाचं. खोताला अर्धेल घालून उरलेल्यात वर्ष काढणं म्हणजे काय हे आमच्या आजीकडून ऐकलेलं आहे, आणि वर वेठ वेगळी. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायचं बंद ठेवलं, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून, अर्धपोटी राहून. १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या असेंब्लीत मांडलं, ते तेव्हा मंजूर नाही झालं, पण १९४९ ला कायदा झालाच, आणि मग कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक मानला गेला. आमच्या आज्याचं नाव कागदावर आलं ते असं. ते यायलाच हवं होतं. फक्त झालं काय की खोत गेला त्याच्याबरोबर गावाने मिळून शेताचं काही ठरवायचं ही सवयही गेली, आणि ती खोताच्या बापाची नव्हती, ती आमची होती. ते दोन वेगळं धरायला हवं होतं असं मला तिथे त्या चिखलात उभं राहून वाटलं.

अजून एक गंमत आहे, आणि राजापूरच्या माणसाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅक्स्टनचा १६३५ सालचा एक नकाशा आहे, मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला, मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत. त्यात तेव्हाच्या दोन हजारांहून जास्त पट्ट्या एकेक करून काढल्यात (आता त्या एकत्र करून फार कमी राहिल्यात), आणि रिकाम्या जागी बारीक बारीक माणसं, कोणी नांगरतोय, कोणी कापणी करतोय, कोणी शिकारीला निघालाय. असा सातबारा आपल्या तलाठ्याने काढून दिला तर मी भिंतीला लावीन. हा नकाशा काढून घेतला तेव्हाचा गावचा मालक सर विल्यम कोर्टीन. लंडनचा बडा व्यापारी, रेशीम आणि तलम कापडाचा, नेदरलँड्सकडून आलेल्या निर्वासित शिंप्याचा पोरगा. नकाशा झाला त्याच वर्षाच्या शेवटी या माणसाच्या मंडळीला राजा चार्ल्सने पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. १६३६ च्या वसंतात जहाजं निघाली आणि ती आली कुठे, तर गोवा, भटकळ, कारवार, आणि त्यांचे दलाल मिरीसाठी पार आमच्या राजापूर बंदरापर्यंत. आपल्याला राजापूरची इंग्रजांची वखार म्हटलं की १६६१ आठवतं, महाराजांनी लुटली ती. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दीच्या बाजूने तोफा डागल्याचं ते फळ होतं. ती ईस्ट इंडिया कंपनीची. त्याच्या आधी वीसेक वर्षं या कोर्टीनची माणसं आमच्या खाडीत मिरीचा भाव करत होती.

कोर्टीन स्वतः जहाजं सुटल्यावर महिना-दीड महिन्यातच वारला. मागे मुलाच्या हाती कर्ज आणि न परतणारी जहाजं राहिली, डच आणि कंपनी दोघेही वाईटावर. पोराला शेवटी देश सोडून पळावं लागलं. इस्टेटी विकल्या गेल्या, त्यात लॅक्स्टन, आणि ते गेलं पिअरपाँटांकडे. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर त्यांचे पैसे बुडाले त्यातून ते गाव त्या घराण्याकडे गेलं, ज्याने पुढे तीन शतकं ते धरून ठेवलं. भाच्याला मी हे पबमध्ये सांगितलं तर तो म्हणाला मामा, मग आपला हिस्सा मागूया का. सातबाऱ्यावर नाव चढवायचं रक्त आहे आमचं, जाणार कुठे!

पब मात्र साधा. गवतातून आलेले बूट बाहेर काढून ठेवा असं कोणी म्हणत नाही, एका बाजूला दोघं म्हातारे ट्रॅक्टरच्या कुठल्यातरी पार्टवरून वाद घालत होते, आम्ही बाजूला बसून बटाट्याबरोबर मटणाचं काहीतरी खाल्लं, मसाला शून्य. बाजूलाच गावाच्या इतिहासाची एक छोटी खोली आहे, ती फुकट बघता येते. चर्चमध्येही गेलो, एका बाईची ओक लाकडात कोरलेली शतकांपूर्वीची आडवी मूर्ती आहे तिथे, हात जोडलेली, लाकूड इतकी वर्षं टिकलं म्हणून मी हात लावून बघणार होतो, भाच्याने डोळे वटारले. गावामागे गवताने झाकलेला उंच ढिगारा आहे, तो जुना किल्ला, शेरवुड जंगलाचा कारभार एके काळी तिथून चालायचा. दगड राहिलेला नाही, मेंढ्या आहेत.

परत आल्यावर शिमग्याच्या आधी देवळात गावकीची मिटिंग होती तिथे मी हा विषय काढला. जमीन कोणाची यात पडायचंच नाही, कागद आहेत तसे राहू देत. फक्त तीन गोष्टी गावाने ठरवायच्या. गुरं बांधायचा दिवस, पऱ्ह्याची साफसफाई, आणि जो मळा घरवाले कसत नाहीत तो एका हंगामासाठी ज्याला हवा त्याला कसायला द्यायचा, वहीत लिहून, की याने कबजा सांगायचा नाही. लिहून हे महत्त्वाचं, कारण आमच्या गावकीचा सगळा कारभार तोंडी. त्यातूनच मग कोणावर तरी राग काढणं, वाळीत टाकणं असले प्रकार कोकणात झाले, त्यासाठी सरकारला २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला. लॅक्स्टनच्या वहीत दंड लिहिला जातो, कशासाठी तेही लिहिलं जातं. वाळीत टाकल्याचं कोणी कुठल्या वहीत लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

लोकांनी ऐकून घेतलं. पालखी कोणत्या वाडीत आधी यावर दोन तास गेले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला शेवटची पाच-दहा मिनिटं आणि निम्मे उठलेले. एका वहिनींनी मुद्द्याचं विचारलं, "भाऊ, कसायला देतो म्हणणारे इथे आहेत कोण? मालक तर सगळे विरार-नालासोपाऱ्याला." त्यावर मानकरी म्हणाले, मग विषय गणपतीत घ्या, तेव्हा सगळे असतात. वहीत तसं लिहून घेतलंय. गौरी जेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळात, आणि पालखीचा विषय त्या दिवशी काढायचा नाही असंही माझ्या हट्टाने खाली लिहिलंय.